पाकिटाची मागची बाजू

आमच्या मालवणच्या बाजारात एक नवं मार्ट झालं आहे. नवं म्हणजे पाच वर्षांपूर्वीचं, पण आम्हा मालवणी माणसांकडे नवी गोष्ट जुनी व्हायला दोन पिढ्या जाव्या लागतात. ह्या मार्टात अगदी शेवटच्या ओळीत, आइस्क्रीमच्या पेटीला लागून काचेच्या दाराचा एक उंच फ्रीज आहे. त्यात चीज, लोणी आणि चिकनच्या, हॅमच्या कापांची चपटी पाकिटं असतात. किल्ला बघायला आलेले पर्यटक आणि होमस्टेवाले ती नेतात. आम्ही गावचे लोक त्या ओळीत सहसा जात नाही.

सोमवारी, आठवडा बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला ह्या फ्रीजसमोर सत्तरीला आलेली एक बाई उभी असते. ती एकेक पाकीट बाहेर काढते, उलटं करते, चष्मा नाकावर खाली ओढून मागची बारीक अक्षरं बोट ठेवून वाचते आणि पाकीट जागच्या जागी ठेवते. घेत काहीच नाही. पर्यटकांना ती तिथली नोकर वाटते. मॅनेजरला सुरुवातीला ती चोर वाटली होती. आणि आमच्या वाडीतले लोक म्हणतात, "भाई गेल्यापासून सुभद्राचा डोक्या जाग्यार नाय."

सुभद्राकाकीचं डोकं ह्या सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा जास्त जाग्यावर आहे. मी हे खात्रीने सांगते, कारण त्याच फ्रीजसमोर एकदा मी तिच्या शेजारी उभी होते, आणि तिथे जे झालं त्यात माझा वाटा आहे. तो कुणी मला विचारलेला नाही. म्हणूनच लिहून ठेवते.

माझं नाव सारिका. इथल्या वाचनालयात मी बावीस वर्षं पुस्तकं देते आणि परत घेते. त्यामुळे वाडीत कुणाकडे कसलाही कागद आला की तो माझ्याकडे येतो. विजेच्या बिलावरची सूचना, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, विम्याचं पत्र. "सारिकान वाचल्यान म्हणजे झाला," असं लोक म्हणायचे, आणि मी वरवर "कायतरीच काय" म्हणत आतून फुगायचे. वाचता येण्याचा माज वाईट असतो. तो अंगात असतो आणि आपल्याला वाटतं की आपण लोकांची सेवा करतो आहोत.

सुभद्राकाकीचं घर माझ्या घराला लागून. मध्ये एक शेवग्याचं झाड, तेवढंच कुंपण. तिने चाळीस वर्षं मासळी बाजारात मासे विकले. तिच्याकडून मासा घेताना कुणी कल्ला उघडून बघायचं नाही, कारण तो तिने पहाटे लिलावातच बघितलेला असायचा. कल्ला गुलाबी-लाल हवा, डोळा पाणीदार हवा, बोटाने दाबलं की मांस परत वर आलं पाहिजे. आणि वास समुद्राचा यावा, माशाचा नव्हे. एकदा बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने सुरमईच्या कल्ल्यांना रंग लावून आणला होता. बाजारातल्या भल्याभल्या बाया फसल्या. काकीने पदराचं टोक ओलं केलं, कल्ल्यावरून फिरवलं आणि तो लाल झालेला पदर हातात धरून सबंध बाजारातून चालत गेली. त्या व्यापाऱ्याने पुन्हा मालवणचं तोंड बघितलं नाही.

मे महिन्यात पावसाच्या बेगमीचे खारे बांगडेही तीच घालायची. मीठ लागलेला मासा कसा होतो हे तिला स्वतःच्या तळहातासारखं ठाऊक होतं. रंग उडतो, अंग ताठ होतं, आणि वास माणसाच्या आधी दारातून आत येतो.

तिचा नवरा भाई. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, पण त्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. भाई मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होता. दहा महिने दर्यावर आणि दोन महिने घरी, असा त्यांचा पस्तीस वर्षांचा संसार. तो निवृत्त होऊन घरी आला तेव्हा दोघांना एकमेकांची सवय नव्हती. पहिल्या आठवड्यात काकी माझ्याकडे येऊन म्हणाली होती, "घरात पुरुषमाणूस दिसभर असता गो. चुकल्यासारख्या वाटता."

मग सवय झाली, आणि ती सवय बघायला आम्हाला गंमत वाटायची. काकी बाजारातून दुपारी यायची तेव्हा भाई जेवण करून बसलेला असायचा. आयुष्यात पहिल्यांदा काकीला कुणीतरी ताट वाढून देत होतं. भाई खांद्यावर फडका टाकून कमरेत वाकायचा आणि म्हणायचा, "मॅडम, लंच रेडी आसा." काकी लाजायची. साठी उलटलेली बाई, अख्ख्या बाजाराला दम भरणारी, आणि ताटासमोर लाजायची. एकदा माझ्याकडे बोलून गेली, "माजा लगीन खरा म्हटल्यार आताच झालाहा."

ते लग्न नऊ वर्षं चाललं.

भाईच्या हृदयाने आधी एक झटका दिला. त्यातून तो उठला, पण हृदय दुबळं झालं. कुडाळच्या डॉक्टरांनी काकीसमोर चहाचा एक लहान चमचा धरला आणि सांगितलं, दिवसभराचं मीठ एवढंच. सपाट, वर ढीग नको. लोणचं, पापड, सुके मासे, पाकिटातले वेफर-चिवडे बंद. शरीरात मीठ साठलं की पाणी साठतं, आणि ते पाणी ओढायची ताकद ह्या हृदयात आता नाही. रोज सकाळी वजन करा आणि दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ताबडतोब या.

काकीने हे सगळं मनावर घेतलं, आणि तिचं मनावर घेणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. घरी आल्या आल्या खाऱ्या बांगड्यांचा डबा माझ्याकडे आला. पाठोपाठ लोणच्याची बरणी. (दोन्ही मी चवीने खाल्लं. माझ्या हृदयाला काही झालं नाही.) ती स्वतःही भाईचंच जेवण जेवू लागली. त्याच्या पानात अळणी आणि आपल्या पानात चवीचं, हे तिला जमेना.

पण भाई जेवेना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जिभा सांभाळलेला माणूस, त्याची जीभ आता पेजेच्या वाटीसमोर रुसून बसायची.

"गवात खाल्ल्यासारख्या वाटता, सुभद्रा."

"गवात तर गवात. खावा. माका तुमी व्हये आसात."

दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. सहा महिन्यांत त्याची पॅन्ट सुतळीने बांधायची वेळ आली. गाल आत गेले. काकी त्याला मांडीवरच्या पोरासारखं भरवायची, आणि मग माझ्या पायरीवर येऊन बसायची. मीठ दिलं तर पाण्याने जाईल, नाही दिलं तर उपासाने जाईल, हे तिचं दुखणं होतं. "नऊ वर्षां मेळली माका," ती म्हणाली. "आणि थोडी मेळली तर मी कोणाचा काय घेतंय काय?"

एके दिवशी भाईच म्हणाला, जहाजावर सकाळी कॅप्टनाला त्याच्या हातचे हॅमचे काप लागत. पातळ, गुलाबी, ब्रेडवर लोणी लावून. खारं नव्हे, आंबट नव्हे, नुसतं मांस. "ता एकदा मेळला तर खायन," तो म्हणाला. सहा महिन्यांत त्याने पहिल्यांदा काही खायला मागितलं होतं.

त्या सोमवारी मी मार्टात बिस्किटं घ्यायला गेले होते. साडेदहाला वाचनालय उघडायचं होतं, किल्ल्या माझ्या पर्सेत. शेवटच्या ओळीतून काकीची हाक आली.

"सारिका, हयसर ये गो."

फ्रीजच्या काचेवर वाफ जमली होती, म्हणजे दार बराच वेळ उघडं होतं. काकीने पाच-सहा पाकिटं खालच्या कप्प्यावर मांडून ठेवली होती, बाजारात मासे मांडावेत तशी. तिने ती एकेक करून उजेडाकडे धरून बघितली होती, प्लास्टिकवरून अंगठ्याने दाबून बघितली होती, कोपऱ्याला नाक लावून वासही घेतला होता. त्यातलं सगळ्यात गुलाबी पाकीट तिने निवडलं होतं.

"रंग बघ," ती म्हणाली. "कालचासुद्धा नाय वाटणा. दाबलंय तर परत वर इला. वास नाय. खारवलेला मास असा ऱ्हवता काय?"

"नाय," मी म्हटलं.

"तरी तू वाच. भाईंक देवचा आसा."

पाकीट तिच्याच हातात होतं. मी मान पुढे करून वाचलं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत चिकन हॅम असं होतं, चरबी कमी, प्रोटीन भरपूर असं होतं, आणि कोपऱ्यात तारीख.

"तारीख अजून दोन म्हयन्यांची आसा, काकी. चरबी कमी. हृदयवाल्याक ह्याच्यापेक्षा बरा काय मेळतला?"

शेवटचं वाक्य पाकिटावर नव्हतं. ते माझं होतं. घड्याळात दहा वीस झाले होते आणि मला जायचं होतं, आणि काकीच्या तोंडावर इतकी आशा होती की तिला हो म्हणणं सोपं होतं. पाकीट तिने उलटलं नाही. मीही उलटलं नाही. उलटायला किती वेळ लागतो?

पुढचे तीन-साडेतीन आठवडे त्या घरात सण होता. पहिल्या दिवशी भाईने स्वतः उठून ब्रेडच्या कडा कापल्या, लोणी लावलं, काप पसरले, तिरकं कापून दोन त्रिकोण केले. एक काकीला दिला. काकीला ते आवडलं नाही; जरा खारट लागलं ते अळणीची सवय झालेल्या जिभेमुळे, असं तिला वाटलं, आणि तिने खाल्लं. भाईने चार काप खाल्ले आणि डोळे मिटून बसला. दुसऱ्या आठवड्यापासून तो दिवसाला आठ कापांचं अख्खं पाकीट संपवू लागला. ब्रेड वेगळा. काकीला वाटायचं, एवढं खातो आहे ना, खाऊ दे. जेवणातलं चमचाभर मीठ तिने तसंच सपाट, मोजून ठेवलं होतं. त्यात ती कणभर चुकली नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरात ती रोज त्याचं वजन लिहायची. वजनाचे आकडे तिला काट्याने शिकवलेले, ते ती झोकात काढायची. चोपन्न. साडेचोपन्न. पंचावन्न. छप्पन्न. दोन दिवसांत दोन किलो कधीच वाढलं नाही. हळूहळू वाढत होतं, भरतीच्या पाण्यासारखं, पायरी बुडेपर्यंत कळत नाही तसं. काकी मला कॅलेंडर दाखवायला बोलवायची. "अंगाक लागता बघ." मुलगी दिव्या डोंबिवलीहून फोनवर बापाचं तोंड बघून म्हणाली, "बाबांचे गाल वर इले गो आई." मीही म्हटलं, काकी, तू भाईंना परत आणलंस. हे मी म्हटलं. मला आठवतं.

ते मांस नव्हतं. ते पाणी होतं.

आधी भाईच्या चपलेचा पट्टा लागेना. मग झोपताना दोन उशा लागू लागल्या, मग तीन. काकीला वाटलं, गॅस झाला असेल. एका सकाळी त्याला शब्द पुरा करता येईना, तेव्हा तिने शेवग्याखालून मला हाक मारली आणि आम्ही त्याला गाडीत घालून कुडाळला नेलं. वाटेत मान टेकून बसलेला भाई दर खाचखळग्याला पुटपुटत होता, "दर्या खवळलो आसा आज." काकीने त्याचा हात एकदाही सोडला नाही.

डॉक्टरांनी त्याच्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, आणि तो वर आला नाही. काकी ते बघत होती. दाबलेलं मांस वर येत नाही म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"काय खात होते?" डॉक्टरांनी विचारलं. "मीठ वाढलंय."

"नाही डॉक्टर. मीठ मी चमच्यानेच घालते," काकी म्हणाली. इस्पितळात ती नेहमी शुद्ध बोलायची. "सुका मासा घरात नाही. नुसतं ताजं मांस देते." आणि तिने पिशवीतून पाकीट काढून त्यांच्यापुढे धरलं. भाईला इस्पितळात भूक लागेल म्हणून तिने ते बरोबर घेतलं होतं. देताना तिच्या तोंडावर थोडा अभिमानसुद्धा होता.

डॉक्टरांनी पाकीट हातात घेतलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर ते उलटलं.

त्यांनी मागची अक्षरं वाचली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "सुभद्राबाई," ते म्हणाले, "तुम्हाला जो चमचा दाखवला होता ना, तो अख्खा चमचा ह्या एका पाकिटात आहे. घरचं मीठ त्याच्यावर."

काकीने माझ्याकडे बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी खाली बघत होते.

भाई आणखी तीन दिवस होता. औषधांनी थोडं पाणी उतरलं, दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडून नीट ओळखलं. समोर इस्पितळाची अळणी खिचडी होती. तो काकीला म्हणाला, "ब्रेड-हॅम आणलंस?"

"घराक गेल्यार," काकी म्हणाली.

तो गेल्यावर तिने डॉक्टरांना एकच विचारलं. ह्याच्यानेच गेले काय? डॉक्टर चांगला माणूस होता, त्याने खरं तेच सांगितलं. हृदय आधीच थकलेलं होतं, नुसत्या ह्याच्यानेच गेले असं म्हणता येणार नाही. "पण ह्याच्याने बरं झालं नाही," काकी म्हणाली. ते म्हणाले, नाही.

तेराव्यानंतर एका दुपारी ती वाचनालयात आली. आधी कधी आली नव्हती. वर्तमानपत्र वाचणारे दोन म्हातारे तिला बघून सावरून बसले. तिने पदराखालून एक रिकामं पाकीट काढलं. धुऊन, पुसून, वाळवून घडी घातलेलं.

"माका एक सांग," ती म्हणाली. "मीठ घातल्यार रंग जाता. मगे ह्या गुलाबी कशान ऱ्हवला?"

मी मागची बारीक अक्षरं वाचली. ह्या वेळी प्रत्येक अक्षर वाचलं. मग दोन पुस्तकं काढून बघितली. तिला सांगितलं, ह्यात नायट्राइट नावाचं एक औषध घालतात. मांस टिकावं आणि त्याचा गुलाबी रंग जाऊ नये म्हणून. ताजेपणाचा तो रंग नाही. आठवडे उलटले तरी तसाच राहतो.

तिने पाकिटावरून बोट फिरवलं.

"म्हणजे कल्ल्याक रंग लावलो."

"तसाच नाय, काकी. ह्या कायद्यान चलता. मागे लिवलेला असता."

"लिवलेला असता," ती म्हणाली. "आणि मी पदर फिरवूक नाय."

चाळीस वर्षं जिला कुणी फसवलं नाही, ती बाई त्या दुपारी माझ्या टेबलासमोर लहान होऊन बसली होती. मी तेव्हा बोलायला हवं होतं. काकी, पदर माझ्या हातात होता, असं म्हणायला हवं होतं. मी तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती शिकायला येऊ लागली. चौथीपर्यंतचं मराठी तिला येत होतं, आकडे येत होते, इंग्रजी मात्र ओ की ठो नाही. तिला सगळं इंग्रजी नकोच होतं. मीठ कुठे लिहिलेलं असतं तेवढं दाखव, म्हणाली. पाकिटावर मीठ मीठ म्हणून लिहीत नाहीत, सोडियम म्हणून लिहितात. त्या शब्दाची सहा अक्षरं तिने तोंडवळ्यासारखी ओळखायला शिकून घेतली, गर्दीत नातेवाईक ओळखावा तशी. पहिली वाकडी अळी, मग भोपळा. तिला इंग्रजीतला हा एकच शब्द येतो.

पण त्या एका शब्दावर ती कुठे पोहोचली बघा. सोडियमच्या आकड्याची अडीचपट केली की मीठ निघतं, हे मी पुस्तकातून सांगितलं, आणि ती माझ्याआधी तोंडी हिशेब करू लागली. मग तिने स्वतःच एक लबाडी पकडली. काही पाकिटांवर आकडा शंभर ग्रॅमचा असतो, काहींवर एका कापाचा. एका कापाचा आकडा लहान दिसतो. "एक काप कोण खाता?" ती म्हणाली. घटकांच्या यादीत सगळ्यात जास्त जे असेल ते आधी लिहितात, हे कळल्यावर मला वाचायला लावलं, आणि मांसानंतर लगेच पाणी निघालं तेव्हा नाक मुरडलं. "पाणी घालून वजन वाढवतत. आमी बर्फ काडून तोलतंव."

तेव्हापासून दर सोमवारी ती त्या फ्रीजसमोर असते. कुणी पाकीट उचललं की विचारते, कोणासाठी? घरात बीपीवाला आहे, हृदयवाला आहे, किडनीवाला आहे असं कळलं तर पाकीट उलटं करून बोट ठेवते. पाच जणांतले चार हसतात आणि पाकीट घेऊन जातात. एखादा ठेवतो. मॅनेजर एकदा म्हणाला, आजी, आमका धंदो करूक देशात काय नाय? ती म्हणाली, "कर. मी खंय नको म्हणतंय? वाचून कर." बिलाच्या टेबलावरच्या अनुजाने आता तिच्यासाठी एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं आहे. ती त्यावर बसत नाही.

मी त्या ओळीत गेले नाही. वर्षभर बिस्किटं दुसऱ्या दुकानातून आणली.

भाईचं वर्षश्राद्ध आलं तेव्हा दिव्या आली, दहा-बारा नातेवाईक आले. मी सकाळीच नारळ खवायला गेले. दिव्या बाहेर पानं पुसत होती. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. काळ्या वाटाण्याचं सांबारं चुलीवर होतं, भोपळ्याची भाजी झाली होती. विळी पुढ्यात घेऊन बसले आणि मला कळलं की आज बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"काकी, त्या दिवशी मी मागसून वाचूक नाय. पुढलाच वाचलंय. नि हृदयवाल्याक बरा असा खंयच लिवलेला नव्हता. ता मी माज्या मनान सांगलंय."

तिने पळी थांबवली नाही. "माका म्हायत आसा."

"कधीपासून?"

"डॉक्टरान पाकीट उलटा केल्यान तेवा. तुजा तोंड बघलंय मी."

"मगे वर्षभर बोललंस कित्याक नाय?"

"काय बोलतलंय? पाकीट माज्या हातात होता. तू येच्या आधीच माजा ठरला होता. तू नाय म्हटला असतंस तरी मी घेतलंय असतंय." तिने चूल बारीक केली. "आणि तुका बोललंय असतंय तर तू दुसऱ्यांचा वाचूचा सोडलंस असतंस. वाडीतले कागद मगे कोण वाचतला?"

मला रडू आवरेना. वर्षभर मी तिची माफी मागायला नको म्हणून पळत होते, आणि तिने वर्षभर मला सांभाळून घेतलं होतं. रांधता रांधता, फ्रीजसमोर उभी राहता राहता.

"रडाचा तर भायर जा," काकी म्हणाली. "खोबऱ्यात पडात."

दुपारी भाईचं पान बाहेर ठेवून झालं आणि आम्ही जेवायला बसलो. श्राद्धाचा स्वयंपाक आधी चाखायचा नसतो, त्यामुळे पहिला घास सगळ्यांनी एकदमच घेतला. आणि सगळ्यांचे हात एकदमच थांबले. सांबाऱ्यात मीठ नव्हतं. भाजीत नव्हतं. वरणात नव्हतं. काकीचे चुलत दीर एकमेकांकडे बघू लागले. दिव्या उठून मिठाची वाटी घेऊन आली.

"आई, मीठ घालूक विसरलंस."

"विसरूक नाय," काकी म्हणाली. ती हातात भाताचं भांडं घेऊन उभी होती. "घातलंय. एक चमचो."

"पंधरा माणसांच्या जेवणाक?"

"आज त्येंचा जेवण. त्येंका इतक्याच सांगलेला आसा."

दिव्या वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने ती मागे कट्ट्यावर ठेवली आणि आपल्या पानावर येऊन बसली. काकीने सगळ्यांना भात वाढला. माझ्या पानाशी आली तेव्हा तिने जरा थांबून माझ्याकडे बघितलं.

"वाढू?"

मी मान हलवली. तिने भात वाढला, वर सांबारं वाढलं, आणि मी ते सगळं पान पुसून खाल्लं. मीठ मागितलं नाही.